गंध आमरीचा

वैशाख सरताना राधानगरी-दाजीपूरच्या रानात जुन्या वृक्षांवर सीतेची वेणी फुलू लागते. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा तो लोंबता तुरा एकदा पाहिला की आपल्याही दारी तो असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. या कुळाचे मराठी नाव आमरी. बाजारात मात्र ऑर्किड हेच नाव रुळले आहे.

पुष्कळजण आमरीला बांडगूळ समजतात. हा तिच्यावर अन्याय होय. बांडगूळ वृक्षाचा रस शोषते. सीतेची वेणी खोडावर केवळ आधारापुरती वसते. तिच्या मुळांवरील स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी टिपून घेते. कोरडे असता ते रुपेरी दिसते, भिजले की हिरवे. पाणी कधी घालावे, हे मुळेच सांगतात! म्हणून कुंडीत माती नको. नारळाची सोडणे, लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे पुरेत. सकाळचे कोवळे ऊन मानवते. कोल्हापूरची आषाढातील संततधार मात्र तिला कुंडीत सोसत नाही, मुळे कुजतात. तेव्हा कुंडी वळचणीच्या आत घ्यावी.

सुगंधाची हौस असणाऱ्याने निवड जाणून करावी. दुकानांत मांडलेली फॅलेनॉप्सिस देखणी, पण बहुधा निर्गंध. ऑन्सिडियमच्या ‘शॅरी बेबी’ या जातीला चॉकलेटचा वास येतो. ब्रासाव्होला नोडोसा दिवसभर मुकी असते आणि रात्री दरवळते, कारण तिचे निमंत्रण निशाचर पतंगांना असते. माणसाला तो गंध मिळतो, तो आगंतुक म्हणून.

या मोहापायी रानातील रोप ओरबाडून आणणे हा मात्र सरळसरळ तोट्याचा व्यवहार आहे. आमरीच्या एका बोंडात लक्षावधी बिया असू शकतात, पण बीजात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. विशिष्ट बुरशीची साथ लाभली तरच अंकुर धरतो. गेलेल्या रोपाची भरपाई निसर्ग सहज करीत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून विनापरवाना वनस्पती नेणे गुन्हा आहे.

सुदैवाने वाट मोकळी आहे. अमेरिकेतील लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये साखर व क्षारयुक्त माध्यमावर, बुरशीवाचून या बिया रुजवून दाखविल्या. प्रयोगशाळेतील बाटलीत वाढलेली रोपे आज रोपवाटिकांत मिळतात. घेताना जातीचे नाव लिहिलेली पट्टी मागावी आणि रोप लहान असल्यास फुलासाठी दोन-तीन वर्षांची तयारी ठेवावी.