नंदाखालचे चर्च आणि नंदाखालचे गाव

विरार स्थानकातून पश्चिमेकडे, आगाशीच्या अंगाने निघालेल्या वाटसरूस नंदाखाल हे गाव लागते. तेथील पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना १५७३ सालची. म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्मापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ तेथे उपासना सुरू झालेली होती. या साडेचारशे वर्षांत वसईवर गुजरातच्या सुलतानाकडून आलेले पोर्तुगीज राज्य नांदले आणि लयास गेले, मराठ्यांचा अंमल आला, त्यामागून इंग्रज आले आणि तेही गेले. चर्च मात्र आहे तेथेच आहे. कोणतेही परके राज्य लयास गेल्यावर त्याच्या खुणाही कालांतराने पुसल्या जाव्यात, हा इतिहासाचा सामान्य नियम. मग नंदाखालची ही खूण पुसली का गेली नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागते ते केवळ ख्रिस्ती समाजाच्या नव्हे, तर किनारपट्टीवरील प्रत्येक गावकऱ्याच्या विचारास लावण्याजोगे आहे.

वसई म्हटले की आमच्या मनात प्रथम उभा राहतो तो चिमाजी आप्पांचा १७३९ चा विजय, आणि ते योग्यच आहे. १५३४ च्या तहाने वसई हाती आल्यानंतर पोर्तुगिजांनी या भूमीवर जे केले त्यात देवळांचा विध्वंस होता, धर्माच्या बाबतीत सक्ती होती, आणि त्या जखमेवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. निर्मळच्या विमलेश्वराची पुनःस्थापना व्हावयास मराठ्यांचा अंमल यावा लागला. विजयानंतर वसईच्या चर्चमधील घंटा मराठे घेऊन गेले. भीमाशंकरी, मेणवलीस, नाशिकात नारोशंकराच्या देवळात त्या आजही पाहावयास मिळतात. ‘नारोशंकराची घंटा’ हा शब्दप्रयोग तर नाशिककरांच्या बोलण्यात रुळलेला आहे. परंतु याच विजयाचे दुसरे अंग आम्ही क्वचितच आठवतो. शरणागतीच्या करारात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेसाठी काही चर्चेस उपासनेस मोकळी ठेवण्याचे कलम होते आणि ते मराठ्यांनी मान्य केले. राज्यकर्ता घालवावयाचा, रयत नव्हे, हा विवेक रणधुमाळीतही सुटला नाही. ज्यांनी घंटा नेल्या त्यांनीच उपासनेचा हक्क राखला, हे विसरून चालणार नाही.

पोर्तुगीज गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा सरकारी आश्रयही गेला. ज्या संस्थेचा आधार केवळ सत्ता असतो ती सत्तेबरोबर कोसळते. वसईच्या किल्ल्यातील भव्य चर्चेस अशीच कोसळली. आज तेथे कमानी आहेत, भिंती आहेत, पण छप्पर नाही. किल्ल्यातील ती चर्चेस राज्याची होती. नंदाखाल, आगाशी, निर्मळ, पापडी येथील चर्चेस गावाची झाली होती, म्हणून ती तगली. देशी धर्मगुरूंनी ती सांभाळली आणि गावकऱ्यांनी आपल्या शेतीच्या उत्पन्नातून त्यांना जगविले. दोनशे वर्षांनंतर दमणगंगेच्या खोऱ्यातही असेच घडले. खडोलीसारखी गावे ज्या नगरहवेलीत येतात तिच्यावरील पोर्तुगीज सत्ता २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाल्यावर संपुष्टात आली, पण सिल्वासाचे चर्च उभे राहिले. त्याच मुक्तिसंग्रामात दादरा मुक्त करणाऱ्या तुकडीचे नेतृत्व फ्रान्सिस मास्करेन्हस या गोमंतकीय ख्रिस्ती कार्यकर्त्याकडे होते. चर्च म्हणजे पोर्तुगीज आणि ख्रिस्ती म्हणजे परका, हे समीकरण खोटे ठरविणारा याहून बोलका दाखला कोणता?

गावाचे चर्च म्हणजे नेमके काय, हे वसईच्या मराठीनेच एका शब्दात सांगून टाकले आहे. एका चर्चभोवतीच्या वस्तीस तेथे ‘धर्मग्राम’ म्हणतात. शब्दात धर्म आहे, तसे ग्रामही आहे. बारसे, लग्न आणि अंत्यविधी यांच्या नोंदी तेथे, शाळा तेथे, गरजूंस मदत करणारी मंडळी तेथे, आणि सणाच्या आधी नऊ दिवस चालणाऱ्या नोव्हेनास सारा गाव तेथेच. हे केवळ उपासनेपुरतेही राहिले नाही. सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी १९१८ साली पापडी येथे एक पतसंस्था काढली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. गावच्या कर्जाची चिंता धर्मगुरूने वाहावी, यातच चर्च गावात किती खोल रुजले होते ते दिसते.

आणि गाव म्हणजे तरी कोण? वसईच्या उत्तर भागातील सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी म्हणतात, आणि सामवेदी ब्राह्मण, हे दोन समाज एकच कादोडी बोली बोलतात. पूजेची पद्धत दोन, पण रागावण्याची, लाडाची, बाजारहाटाची भाषा एक. पानवेल, केळी, भाजीपाला आणि फुले पिकवून ती मुंबईस पोचविणे हा उभयतांचा परंपरागत व्यवसाय. निर्मळच्या कार्तिकी यात्रेच्या बाजारात दोन्ही समाजांची माणसे दिसतात, आणि तेथील सुकेळी घेताना गिऱ्हाईक कोणत्या देवाचे हे कोणी विचारीत नाही. चार शतकांपूर्वी दुभंगलेले घर बोलीच्या एका खांबावर अजून उभे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या बोलीच्या अंगणातूनच मराठीची मोठी सेवा झाली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्यास मुभा दिली, आणि वसईच्या चर्चमधून मराठी प्रार्थना व मराठी गीते घुमू लागली. ‘सुवार्ता’ हे मासिक तर त्याआधीपासून, १९५५ पासून, निघत होते. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो संत तुकारामांचा. आणि याच नंदाखालच्या मातीत जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले. त्यातील नव्या कराराच्या अनुवादास २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस, आजच्या धाराशिवास, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती साहित्यिक. त्यांच्या निवडीस काहींनी विरोध केला, तो त्यांच्या लेखनाकडे पाहून नव्हे, तर त्यांच्या झग्याकडे पाहून! संमेलनाने तो विरोध जुमानला नाही, हे मराठीस भूषणावह झाले. २५ जुलै २०२४ रोजी फादर निवर्तले. अंतिम निरोपासाठी त्यांना नंदाखालच्या चर्चमध्येच आणण्यात आले.

परंतु फादर दिब्रिटोंचे स्मरण केवळ साहित्यिक म्हणून करणे अपुरे होईल. गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस वसईच्या विहिरींचे गोडे पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागले, हिरव्या पट्ट्यावर इमारतींचा डोळा पडला आणि त्यापाठोपाठ गुंडगिरी आली. त्या वेळी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली जे लोक उभे राहिले त्यांचे अग्रणी हेच फादर होते. त्या लढ्यात हिंदूही होते आणि ख्रिस्तीही, कारण विहीर आटली की ती कोणाच्याच देवाचे नाव विचारून आटत नाही. या धर्मगुरूने प्रवचनात पाण्याचा प्रश्न आणला म्हणून नाके मुरडणारे तेव्हाही होते. आमच्या मते तेच त्या पदाचे खरे कर्तव्य होते. ज्या धर्मग्रामातील ग्राम नष्ट होत आहे तेथे नुसता धर्म कोठे उभा राहणार?

हा प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे. वसईची खरी संपत्ती म्हणजे तेथील बावखले. पावसाचे पाणी या तळ्यांत साठते, जमिनीत मुरते, भोवतालच्या विहिरी गोड राखते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यास आत येण्यापासून रोखते. ना यंत्र, ना खर्च. पूर्वजांनी खोदून ठेवलेली ही साधी सोय पिढ्यान्‌पिढ्या बागायती पोशीत आली. बावखल बुजविले की तेथे भूखंड मिळतो खरा, पण पावसाळ्यात तेच पाणी घरात शिरते आणि उन्हाळ्यात विहीर मचूळ होते. जुलै २०१८ मध्ये वसईकरांनी दिवसेंदिवस पाण्यात काढले. त्याचे खापर एकट्या आभाळावर फोडून मोकळे होता येणार नाही. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा आपली गावे तिच्यातून वगळावीत म्हणून येथील ग्रामस्थ रस्त्यावर उतरले, आणि २९ गावांचा वाद पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळला. विकास नको असे त्यांनी कधी म्हटले नाही. आपल्या गावाचे काय करावयाचे ते आपणांस विचारून करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या म्हणण्यास केवळ ख्रिस्ती समाजाचे गाऱ्हाणे समजून बाजूस सारणे ही आमची मोठी चूक ठरेल. वास्तू जतन करणे सोपे असते. रंगरंगोटी होते, फलक लागतो, सहली येतात. किल्ल्यातील भग्न चर्चेसही अशीच जतन झाली आहेत. पण तेथे नोव्हेनास गाव जमत नाही, कारण तेथे गावच नाही. नंदाखालच्या चर्चचे तसे होऊ द्यावयाचे नसेल तर त्याच्या भिंतींपेक्षा त्याच्या भोवतीची बावखले, वाड्या आणि कादोडी बोलणारी घरे आधी राखली पाहिजेत. विकास आराखड्यात प्रत्येक बावखलाची नोंद व्हावी, ते बुजविणाऱ्यास शासन व्हावे, आणि गावांचे भवितव्य ठरविताना ग्रामसभेचे मत घेतले जावे, या मागण्या अवाजवी नाहीत. त्या निर्मळच्या विमलेश्वराच्याही हिताच्या आहेत. चिमाजी आप्पांच्या माणसांनी जिंकलेल्या गावातही परक्या उपासनेस जागा राखली. आपण तर आपल्याच माणसांच्या गावाविषयी बोलत आहोत.