औषधनिर्मात्यांचे व्यावसायिक प्रशिक्षण

औषधनिर्मात्यांचे व्यावसायिक प्रशिक्षण : औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला अथवा नव्याने व्यवसायात आलेल्या औषधनिर्मात्याला रुग्णालयात, औषधाच्या दुकानात किंवा कारखान्यात अनुभवी औषधनिर्मात्याच्या देखरेखीखाली मिळणारे प्रत्यक्ष कामाचे शिक्षण. औषधांचे गुणधर्म व मात्रा ग्रंथांतून शिकता येतात. परंतु औषधचिठ्ठी वाचणे, शंका आल्यास डॉक्टरांकडे खुलासा मागणे आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत सूचना देणे, ही कौशल्ये कामावरच अंगी बाणतात. येथे घडलेली चूक थेट रुग्णाला भोगावी लागत असल्यामुळे या प्रशिक्षणास विशेष महत्त्व आहे.

इतिहास : यूरोपात हा व्यवसाय दीर्घकाळ उमेदवारीच्या पद्धतीने शिकविला जाई. भारतात दवाखान्यातील कंपाउंडर डॉक्टरांच्या हाताखाली काम करीतच तयार होत. रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० मध्ये नेमलेल्या औषध चौकशी समितीने या व्यवसायाला शिक्षणाची व कायद्याची बैठक नसल्याचे निदर्शनास आणले. १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापनास प्रारंभ केला. १९४८ च्या फार्मसी अधिनियमाने औषधनिर्मात्याची नोंदणी व किमान शिक्षण यांची तरतूद केली. मात्र पहिली नोंदवही तयार करताना दीर्घ अनुभव असलेल्या कंपाउंडरांनाही तीत स्थान देण्यात आले. म्हणजेच कामावरील शिक्षणाचे मोल कायद्यानेही मान्य केले.

भारतातील तरतुदी : १९९१ च्या व त्यानंतर २०२० च्या शिक्षण विनियमांनुसार पदविकाधारकास किमान ३ महिन्यांत किमान ५०० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्यांपैकी निदान २५० तास औषधचिठ्ठीनुसार औषधे देण्यात घालवावे लागतात. १९९१ च्या विनियमांनी प्रशिक्षणार्थींच्या संख्येवरही मर्यादा घातली : एक नोंदणीकृत औषधनिर्माता असेल तेथे दोन व त्यापुढे प्रत्येक अधिक औषधनिर्मात्यामागे एक. देखरेख नाममात्र राहू नये, हा अशा मर्यादेचा उपयोग होय. २०१४ च्या विनियमांखाली पदवी अभ्यासक्रमात सहाव्या सत्रानंतर ४ आठवड्यांत १५० तासांचे प्रशिक्षण ठेवण्यात आले; तथापि ते कारखान्यातही घेता येत असल्याने औषधे देण्याचा सराव त्यात घडेलच असे नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म.डी. अभ्यासक्रमाचे शेवटचे वर्ष मात्र रुग्णालयातील आंतरवासितेचे असते. त्यातील सहा महिने सामान्य वैद्यक विभागात व प्रत्येकी दोन महिने अन्य तीन विभागांत काढावे लागतात.

स्वरूप : प्रशिक्षणार्थी प्रथम औषधांची मांडणी व साठवण शिकतो. न उघडलेल्या इन्शुलिनाच्या कुप्या २° ते ८° से. तापमानात ठेवाव्या लागतात, पण गोठू द्यावयाच्या नसतात. यानंतर नोंदी येतात. २०१४ पासून अंमलात आलेल्या अनुसूची एच-१ मधील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. सर्वांत अवघड भाग म्हणजे तारतम्य. उदा., संधिवाताभ संधिशोथावर मिथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते रोज घेतल्यास प्राणावर बेतू शकते. चिठ्ठीत ‘रोज’ असा उल्लेख दिसताच थांबून विचारणा करण्याची सवय देखरेखीखालीच लागते. तद्वत इन्शुलीन दर मिलिलिटरला ४० व १०० एकके अशा दोन प्रमाणांत मिळते व त्यांच्या पिचकाऱ्याही वेगळ्या असतात. १०० एककांचे इन्शुलीन ४० एककांच्या पिचकारीने घेतल्यास रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. म्हणून कुपीबरोबर योग्य पिचकारी देणे व खुणा दाखवून समजावणे हा कामाचाच भाग ठरतो.

नोंदणीनंतरचे शिक्षण : नवी औषधे सतत येत असल्याने नोंदणीबरोबर शिक्षण संपत नाही. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी नोंदणी टिकविण्यासाठी पाच वर्षांत प्रत्येकी किमान एक दिवसाचे दोन उजळणी वर्ग आवश्यक ठरविले. २०२२ च्या विनियमांनी पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्व निर्गम परीक्षेची तरतूद केली. ब्रिटनमध्ये पदवीनंतर साधारणतः ५२ आठवड्यांचे पर्यवेक्षित प्रशिक्षण व नोंदणी परीक्षा असा क्रम आहे. भारतात मात्र नव्या औषधनिर्मात्याला अनेकदा आरंभापासूनच दुकानाची जबाबदारी एकट्याने सांभाळावी लागते. परीक्षेने ज्ञान पडताळता येते आणि उजळणी वर्गाने ते ताजे राहते. पण शंका आली असता जवळच विचारण्याजोगा अनुभवी सहकारी असणे, याची उणीव या दोहोंनी भरून निघत नाही. त्यामुळे प्रशिक्षणाचे मोल तासांच्या संख्येइतकेच देखरेखीच्या गुणवत्तेवर अवलंबून असते.