पाणी दिलेले पाते

सुरीकडून आपण दोन गुण मागतो: धार टिकावी आणि पाते मोडू नये. पण हे दोन गुण म्हणजे एकमेकींच्या सवती! पोलाद फार कठीण करावे, तर ते ठिसूळ होऊन टवके उडतात; मऊ ठेवावे, तर चार दिवसांत धार बसते. या सवतींना एका घरात नांदवण्याची जपानी लोहारांची युक्ती मला मोठी शहाणपणाची वाटते.

ओसाकाजवळच्या साकाई शहरात सुऱ्या घडवण्याचा धंदा शेकडो वर्षांचा. तेथील परंपरागत पाते एका धातूचे नसते. कठीण पोलाद आणि मऊ लोखंड तापवून, मध्ये टाकणखार व लोखंडाची पूड घालून, घणाखाली एकजीव करतात. धारेपुरते पोलाद, बाकी अंग लोखंडाचे. मासे कापायच्या सुरीत पोलाद एकाच बाजूला असते. दुसऱ्या प्रकारात ते दोन मऊ थरांच्या मध्ये बसवतात. त्याला ‘सानमाई’, म्हणजे तीनथरी म्हणतात.

मग पोलाद कोणते घ्यावे? शिमाने प्रांतातील यासुगीच्या पोलादांना वेष्टनाच्या कागदावरून नावे पडली आहेत. ‘पांढऱ्या कागदा’च्या पोलादात लोखंडाखेरीज मुख्यतः १ टक्क्याच्या आसपास किंवा थोडा अधिक कार्बन. त्याला अतिशय बारीक धार येते आणि ती चटकन लागते. ‘निळ्या’त टंगस्टन व क्रोमियम मिसळतात, धार अधिक टिकते, पण लावायला वेळ लागतो. गंज दोन्हींना चढतो. ज्या घरी लिंबू चिरून सुरी तशीच पडते, तेथे बाहेरचे थर स्टेनलेसचे असलेली तीनथरी सुरी बरी. मग धारेपुरतीच काळजी उरते.

परंतु खरी परीक्षा भट्टीपाशी. आपण मराठीत ‘पाणी देणे’ म्हणतो, तेच हे काम. पात्याला मातीचा पातळ लेप देऊन ते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. रंग नीट ओळखावा म्हणून जागा अंधारी ठेवतात. योग्य रंग आला, की पाते पाण्यात! पोलाद कठीण होते. लोखंडात कार्बन नाममात्र, म्हणून ते मऊच राहते. पाते वाकलेच, तर त्या मऊ अंगामुळे ठोकून सरळ करता येते. ताव जास्त झाला तर पोलादाचे कण जाड होऊन ते ठिसूळ बनते. कमी पडला तर पुरते कठीणच होत नाही. शेवटी १५० ते २०० अंशांवर हलके शेकून ठिसूळपणा कमी करतात.

वाचकहो, एवढी मेहनत एका मिनिटात वाया जाऊ शकते! कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर ठिणग्या उडताना पाहून मुले खूश होतात. पण धारेची कड निळी पडली, तर समजावे की ती जागा ३०० अंशांच्या आसपास तापली आणि पाणी उतरले. तो भाग घासून काढल्याशिवाय तेथे पूर्वीची धार टिकत नाही. हाच धोका गॅसच्या ज्योतीचा.

म्हणून महाग सुरी घेणाऱ्या गृहिणीला माझे सांगणे एवढेच, की सुरीबरोबर धार लावायचा दगडही घ्यावा. दगड ओला ठेवून पाते सावकाश घासावे, नारळ आणि हाडे दुसऱ्या हत्यारावर सोपवावीत, आणि काम होताच सुरी धुऊन कोरडी पुसावी. लोहाराने दिलेले पाणी मग वर्षानुवर्षे टिकेल.