पहिल्या वर्षाची सोबत

दिल्लीतील एका सरकारी शाळेत मी आठवीच्या गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसलो होतो. एका मुलाने १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी फळ्यावर लिहिली. नवनियुक्त शिक्षिकेने ती खोडली, लसावि काढून दाखवला आणि त्या पुढे गेल्या. तास संपल्यावर ज्येष्ठ सहकारी त्यांना म्हणाले, ‘मॅडम, २/५ तर अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात भर घालून उत्तर घटले कसे, एवढेच त्याला विचारा.’

अध्यापनाचे हे मर्म प्रत्यक्ष वर्गातच उमगते. २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील अनुभवासाठी वीस आठवडे राखले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सेवेतील शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सुचवले. तथापि नोकरीच्या पहिल्या वर्षी, गरीब वस्तीतील भरगच्च वर्गासमोर, शिक्षक एकटाच असतो.

दिल्ली सरकारने २०१६मध्ये आपल्याच शिक्षकांतून सुमारे २०० मार्गदर्शक शिक्षक निवडले आणि प्रत्येकाकडे पाच-सहा शाळा सोपवल्या. दिशा योग्यच होती. परंतु एवढ्या शाळांत विभागलेला मार्गदर्शक एका शिक्षकाच्या वाट्याला कितीसा येणार?

म्हणून गणित-विज्ञानाच्या नव्या शिक्षकाला पहिली दोन वर्षे त्याच विषयाचा, त्याच शाळेतील सोबती मिळावा. त्यासाठी दोघांच्याही वेळापत्रकात तास मोकळे ठेवावेत आणि सोबत्याचे निरीक्षण गोपनीय अहवालात जाऊ नये. चूक दाखवण्याची भीती असेल, तर शिक्षक शिकणार कसा?