दीड मीटर शिसं

छप्पर गळतं ते बहुधा सांध्यांत. उत्तर इंग्लंडमध्ये लीड्ससारख्या शहरात विटांच्या जुन्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यांवरच्या वेल्समधून आलेल्या स्लेटच्या पातळ फरशा शंभर वर्षं उलटली तरी ठणठणीत असतात. पाणी शिरतं ते उतार भिंतीला टेकतो तिथून, किंवा धुराड्याच्या बुडाशी. कोकणातल्या आमच्या जुन्या घराला धुराडं नव्हतंच. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा, आणि मिरगाआधी घर शाकारलं की वर्षाची चिंता मिटायची. इथे इंग्लंडमध्ये अशा जवळपास प्रत्येक छपरातून विटांचा खांब वर आलेला असतो आणि त्याच्या चारी बाजूंना शिशाचा पत्रा बसवावा लागतो. या पत्र्याच्या पट्ट्यांना फ्लॅशिंग म्हणतात. आमच्या इथल्या घरी ते काम निघालं तेव्हा कारागिराची परवानगी घेऊन मी परांचीवर उभी राहिले.

त्याने आधी स्वयंपाकघराच्या उतरत्या छपरावरची जुनी पट्टी उपटली. चार मीटर लांब, अखंड, वरची कड सिमेंटने भिंतीत पक्की केलेली. दिसायला भक्कम, पण मध्यावर आरपार चीर. शिसं उन्हात पसरतं, रात्री आखडतं. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की मीटरभर पट्टी एक मिलिमीटरहून थोडी जास्त वाढते, म्हणजे ही पट्टी साडेचार मिलिमीटरच्या वर. जागच्या जागी जखडलेलं शिसं मग एकाच ठिकाणी वाकतं, सरळ होतं, पुन्हा वाकतं आणि शेवटी तडकतं.

म्हणून इथला नियम असा, की तुकडा दीड मीटरपेक्षा लांब नको. शेजारचे तुकडे एकमेकांवर निदान १०० मिलिमीटर चढवायचे आणि तसेच सोडायचे. तिथे झाळ नाही, खिळा नाही. मला हे आधी पटेना, कारण उघडा सांधा म्हणजे गळती असंच आपण धरून चालतो. पण पाणी वरच्या शिशावरून उतारानेच जातं. आडवं १०० मिलिमीटर आत शिरण्यापेक्षा खाली स्लेटवर उतरणं त्याला सोपं. आणि दोन्ही तुकडे आपापले सरकायला मोकळे राहतात.

पत्रा ‘कोड ४’चा होता, १.८ मिलिमीटर जाड. कोडचा आकडा म्हणजे चौरस फुटाला साधारण तितके पौंड वजन. मीटरच्या मापात चौरस मीटरला वीस किलोंच्या पुढे. इतकं जड आणि इतकं मऊ असल्यामुळे शिसं नीट धरलं नाही तर स्वतःच्याच भाराने घसरतं. त्यासाठी विटांमधली दरज २५ मिलिमीटर खोल कोरून त्याने पत्र्याची दुमडलेली कड आत सारली. मग उरलेल्या शिशाच्या वळकट्या करून त्यांच्या पाचरी दरजेत ठोकल्या, ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता. दरज भरली ती लवचीक सीलंटने. सिमेंट कडक असतं, हलणाऱ्या शिशापासून ते सुटून येतं.

धुराड्याचं काम खालून वर चालतं. आधी समोरचा पत्रा, मग बाजूंना प्रत्येक स्लेटखाली एक दुमडलेला लहान तुकडा, त्यांवर विटांच्या थरांप्रमाणे कापलेल्या पायऱ्यांची पट्टी, आणि शेवटी धुराड्याच्या मागची पन्हळ. वरचं शिसं नेहमी खालच्यावर येतं.

समोरच्या पत्र्याचा कोपरा मात्र मी डोळ्यांत तेल घालून पाहिला. तिथे पत्रा उभ्या बाजूने धुराड्याला वळसा घालतो आणि खालचा भाग उतारावर पसरलेला राहतो. नुसता ओढून वळवला तर कोपऱ्यात ताणून पातळ होतो आणि फाटतो. कापून जोडायचा तर छपरावर गॅसची ज्योत न्यावी लागते, तीही जुन्या सुक्या लाकडाशेजारी. त्याने दोन्ही टाळलं. लाकडी मोगरी आणि निमुळता दांडा घेऊन तो आजूबाजूचं शिसं कोपऱ्याकडे ढकलत आणत राहिला, प्रत्येक ठोका हलका आणि तिरपा. मध्येच थांबून दोन बोटांच्या चिमटीत पत्रा धरून जाडी तपासायचा. मऊ असूनही ते शिसं घाई सहन करत नाही, हे त्याच्या हातांकडे बघून कळत होतं. अर्ध्या तासात तिथे एकही चीर नसलेला, अंगाला घट्ट बसलेला कोपरा तयार झाला. यंत्राने हे होईल असं मला वाटत नाही.

चहाआधी तो हातमोजे काढून हात कोपरापर्यंत साबणाने धूत असे. शिसं पोटात गेलं तर विषच, आणि त्याबाबत त्याने कधी सूट घेतली नाही.

सगळं बसल्यावर त्याच दिवशी पॅटिनेशन ऑइलचा हात फिरवला, चढीव सांध्यांच्या आतल्या कडांनाही. ते राहिलं तर पहिल्याच पावसात नव्या शिशावर पांढरा क्षार धरतो आणि ओघळून खालच्या स्लेटवर डाग पाडतो. असं काम कुणाला द्यायचं असेल तर दर ठरवण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: तुकडे किती लांबीचे असतील, आणि दरज कशाने भरणार.