जैन बशी, वीगन बशी आणि शिवाजी पेठेतील खाऊगाड्या

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत दिवस उजाडतो तो मिसळीच्या कटाच्या वासाने. निवृत्ती चौकातील अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून बिनखांबी गणेश मंदिरामार्गे महाद्वार रोडकडे जावे, अथवा पश्चिमेस रंकाळ्याच्या काठाकडे वळावे. मिसळ, कटवडा, भेळ, भजी, भडंग, भाजलेले कणीस आणि उसाचा रस यांनी वाट सोबत करते. गांधी मैदानावर प्रदर्शन भरले की बचत गटांच्या भगिनींचे चार दिवसांचे स्टॉलही त्यांत भर घालतात.

अशाच एखाद्या गाडीसमोरच्या बाकड्यावर आपल्या समाजातील एक कुटुंब बसले आहे, असे क्षणभर मानू. आज्जींचा कंदमुळांचा आजन्म त्याग आहे. पुण्याहून शिकून आलेली नात वीगन झाली आहे. दूध, दही, तूप, लोणी यांतले काहीच ती घेत नाही. गाडीवाला अदबीने विचारतो, “आज्जी, दही घालू का?” आज्जी आणि नात दोघी एकदमच “नको” म्हणतात. दोघींची कारणे मात्र वेगळी आहेत. त्या कारणांची ओळख पटली, तर घरातला एक रोजचा वाद निवळू शकतो.

दोन नियम, एक मूळ

‘वीगन’ हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. मांस, मासे व अंडी यांबरोबरच दूध, दुधाचे पदार्थ आणि मधही वर्ज्य मानणारी ही जीवनपद्धती. आपल्या श्रावकाचारात मद्य, मांस व मधु यांचा त्याग पहिल्या पायरीवरच सांगितला आहे. म्हणजे मधाबाबत आज्जी आणि नात आधीपासूनच एका मताच्या आहेत.

फरक आहे तो दोन ठिकाणी. बटाटेवडा वीगन आहे, पण जैन नाही. पेढा जैन आहे, पण वीगन नाही. नातीचे लक्ष गाई-म्हशीच्या वेदनेकडे आहे. आज्जींचे लक्ष कंदातील अनंत सूक्ष्म जीवांकडे आहे. कोल्हापुरी चवीचा प्राण म्हणजे कांदा-लसूण मसाला. नातीला त्यात काहीच वावगे नाही. आज्जींना मात्र तिथेच थांबावे लागते.

दह्याच्या प्रश्नात या दोन वाटा पुन्हा एकत्र येतात. डाळ-कडधान्याबरोबर दही-ताक खाऊ नये, हा द्विदलाचा नियम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. त्यामुळे दही-मिसळ, दहीवडा किंवा दही घातलेली शेव-भेळ आज्जींनाही चालत नाही. बाह्य तपांतील रसपरित्यागात तर दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहा रसांपैकी एक वा अनेक रस सोडण्याची साधना सांगितली आहे. दशलक्षण पर्वात असे नियम घेणारे श्रावक आजही घरोघर आढळतात. तेथे हेतू जिभेवरील संयमाचा आहे, वीगन विचारातील हेतू प्राण्यांविषयीच्या करुणेचा. हेतू वेगळे असले, तरी दूध सोडणे ही परक्या देशातून आलेली लहर आहे, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

दुधाचा अवघड प्रश्न

कोल्हापुरात दुधाविषयी बोलणे सोपे नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून धारोष्ण दुधाचा पेला हातात मिळतो, आणि त्याचा शहराला अभिमान आहे. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा जिल्हा दूध संघ 1963 साली स्थापन झाला. शिरोळ-हातकणंगल्याकडील शेकडो जैन शेतकरी कुटुंबांचा घरखर्च दूध बिलावर चालतो. पेठेतील कित्येक दुकानांची उधारीही त्याच पैशातून फिटते.

म्हणूनच नातीने “दूध म्हणजे हिंसा” असे ताडकन म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांना ते लागते. तथापि तिच्या प्रश्नालाही आधार आहे. शेतात ट्रॅक्टर आल्यापासून नर रेडकाला काम उरले नाही. त्याचे पुढे काय होते, हे गोठा असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि त्याविषयी सहसा बोलले जात नाही. पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने हा प्रश्न निदान ऐकून घ्यावा. नातीनेही आज्जींच्या कंदमूळत्यागाला जुनाट म्हणू नये. दोघींनी आपापल्या परीने ताटातील हिंसेची मोजदाद केलेली आहे.

दोघींना चालेल असे काय?

मग या बाकड्यावर दोघींनी मिळून काय खावे? यादी वाटते तितकी लहान नाही.

भेळ सर्वांत सोपी. चुरमुरे, शेव, शेंगदाणे, टोमॅटो, चिंच-गुळाचे पाणी आणि कोथिंबीर. कांदा, बटाटा, लसणाची चटणी वगळायला सांगावे. हिरव्या चटणीत आले-लसूण असते, तेही विचारावे. भुईमूग जमिनीत वाढत असला तरी ते बी आहे, त्यामुळे बहुतेक जैन घरांत तो चालतो. जयसिंगपूरची ओळख झालेली भडंग लसणाविना घेतली तर दोघींचीही सोय होते.

कणीस भाजलेले घ्यावे. लोण्याऐवजी लिंबू, मीठ, तिखट लावायला सांगावे. उसाचा रस आले आणि बर्फाविना मागावा. मिरचीची वा कच्च्या केळ्याची भजी उत्तम, मात्र त्याच कढईत कांदा-बटाटा तळला जातो का, हे आज्जींसाठी विचारणे अगत्याचे.

मिसळ मात्र कठीण. कटात कांदा-लसूण असतो, मोड आलेली मटकी कडक नियम पाळणाऱ्यांना चालत नाही, आणि काही ठिकाणी खाली बटाट्याची भाजीही असते. सोबतच्या पावात यीस्ट असते, क्वचित दूधभुकटी किंवा लोणीही. अशा वेळी मिसळ घरी करावी हे बरे.

वेळेचे भान आज्जींसाठी महत्त्वाचे. डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि चौपाटीवरील बहुतेक गाड्यांचा धंदा त्यानंतरच रंगतो. त्यामुळे सकाळ किंवा दुपार उतरण्यापूर्वीचा काळ निवडावा.

पाटीपेक्षा प्रश्न मोठा

पाकीटबंद वस्तूंसाठी देशात 2022 पासून वीगन खाद्यपदार्थांचे स्वतंत्र नियम लागू झाले आहेत आणि त्यांचे वेगळे चिन्हही आहे. केवळ हिरवा ठिपका पाहून भागत नाही, कारण दूध आणि मध असलेल्या पदार्थावरही तो असतो. गाडीवर तर कोणतेच चिन्ह नसते. ‘जैन’ अशी पाटी असली तरी तिचा अर्थ प्रत्येक गाडीवर वेगळा निघतो; कुठे फक्त कांदा-लसूण नाही, तर कुठे बटाटाही नाही. म्हणून “जैन आहे का?” किंवा “वीगन आहे का?” असे विचारण्यापेक्षा “यात काय काय आहे? कशात तळले? चटणीत लसूण आहे का? वर लोणी लावता का?” असे विचारावे. गाडीवाल्याला मोठे शब्द कळोत न कळोत, आपल्या पातेल्यात काय आहे ते तो नेमके सांगतो.

व्यापारी घराण्यांना आणखी एक गोष्ट सांगावयास नको. मागणी दिसली की माल येतो. वेगळे पातेले, वेगळा झारा आणि लसणाविना चटणीची एक बरणी एवढाच गाडीवाल्याचा जादा खर्च आहे. चार घरांनी नियमाने मागणी केली, तर तो हा खर्च आनंदाने करील. मसाला व फरसाणाच्या धंद्यातील आपल्या बांधवांनी कांदा-लसणाविना तिखट आणि दूधविरहित पदार्थ स्पष्ट लिहून बाजारात आणले, तर धर्म आणि व्यवहार दोन्ही साधतील.

बाकड्यावर शेवटी भेळेची एकच बशी येते. कांदा नाही, बटाटा नाही, दही नाही. आज्जी पहिला घास नातीच्या हातावर ठेवतात. कोणाच्या नियमामुळे काय वगळले, याचा हिशेब त्या बशीत उरत नाही.