नऊ विजय आणि एक नकार

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने लाथाडायचा गोल चेंडू येतो. तो क्षणभर बाजूला ठेवा. अमेरिकेतला फुटबॉल मुख्यतः हातांनी खेळतात आणि चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. दोन्ही बाजूंचे 11-11 गडी, मैदान 100 यार्डांचे. चेंडू ज्यांच्या हाती, त्यांनी चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू गेला समोरच्यांकडे. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचले की सहा गुण. झोंबाझोंबी म्हणाल तर आपला हुतूतू बरा! एवढे ध्यानात ठेवले की पुढची हकिकत समजायला अडचण नाही.

तिकडे कॉलेजांचा हंगाम शरदात सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेर बहुतेक आटोपतो. मग नववर्षाच्या सुमारास ‘बाउल’ नावाचे मानाचे सामने होतात. 1951 च्या सुमारास यांतले बरेचसे सामने दक्षिणेकडच्या उबदार शहरांत भरत. मायामीचा ‘ऑरेंज बाउल’ त्यांपैकीच एक. तेथे खेळायचे तर आमंत्रण लागे. आमंत्रणाबरोबर कीर्ती येई आणि तिकीटविक्रीतला वाटाही येई. हा वाटा लहान कॉलेजाला फार मोलाचा, कारण फुटबॉलचा संघ पोसणे म्हणजे घरी हत्ती बांधणे.

सान फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट पाद्र्यांची तशी लहानच संस्था. तिच्या ‘डॉन्स’ संघाने 1951 साली नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. प्रशिक्षक जो कुहारिच मोठे कडक शिस्तीचे. खेळाडूंत काही युद्धाहून परतलेले होते. जीनो मार्केट्टी तर दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर लढून आलेला. पण सगळ्यांच्या नजरा लागत त्या ऑली मॅटसनवर. न्यूयॉर्कला फोर्डहॅमविरुद्धचा सामना 32-26 असा निसटता जिंकला, त्यात समोरच्यांनी लांब उडवलेला चेंडू झेलून हा गडी दोनदा जवळजवळ सारे मैदान कापत थेट शेवटच्या रेषेपार गेला. त्या हंगामात चेंडू घेऊन तो 1,566 यार्ड धावला. देशात त्याहून जास्त कोणी धावले नाही. बचावात बर्ल टोलर होता, तोही तोलामोलाचा.

मॅटसन आणि टोलर दोघेही कृष्णवर्णीय. मॅटसनचा जन्म टेक्ससमधला, टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. म्हणजे ज्या दक्षिणेत शाळा, बस, खाणावळी कातडीच्या रंगाप्रमाणे वेगळ्या होत्या, तिथलीच ही मुले. नऊ विजयांनंतर बाउलची गोष्ट निघाली तेव्हा संघाला कळले ते असे: तुम्ही या, पण त्या दोघांना घरी ठेवून या.

आता पाहा, प्रलोभन केवढे! विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात होता. त्या एका सामन्याच्या पैशाने कदाचित तो तगला असता. आणि दोघांनी दूर राहायचे, बाकीच्यांनी खेळायचे, एवढाच तो हिशेब. कोणी घासाघीस केली नाही. संघाने सरळ नकार दिला. मला यात विशेष वाटते ते हे की, या मुलांनी सभा घेतली नाही की पत्रक काढले नाही. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून धूळ खाल्ली, त्यांना टाकून जायचे नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. 1952 च्या नववर्षदिनी ऑरेंज बाउल झाला. खेळले जॉर्जिया टेक आणि बेलर.

किंमत मात्र लगेच मोजावी लागली. त्या हंगामानंतर विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. बॉब सेंट क्लेअरसारख्या, अजून खेळायचे वर्ष शिल्लक असलेल्या खेळाडूला दुसरे कॉलेज गाठावे लागले.

हे लोक पुढे मागे पडले असे मात्र नाही. मॅटसनने 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्याची दोन पदके मिळवली. तो, मार्केट्टी आणि सेंट क्लेअर असे तिघेही व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात जाऊन बसले. एका कॉलेजच्या एकाच संघातले तिघे! संघाची प्रसिद्धी सांभाळणारा तरुण पीट रोझेल 1960 साली साऱ्या व्यावसायिक लीगचा प्रमुख झाला. टोलरचा गुडघा 1952 मध्येच दुखावला आणि त्याचे खेळणे संपले. त्याने शिक्षकी पत्करली, मुख्याध्यापक झाला. आणि 1965 मध्ये त्याच लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणून मैदानात उतरला.

2006 साली विद्यापीठाने 1951 च्या संघाला सन्माननीय डॉक्टरेट दिली. टोलर 2009 साली वारला. विद्यापीठाच्या एका वसतिगृहाला जेम्स फेलन या सिनेटरचे नाव होते. ‘कॅलिफोर्निया गोऱ्यांचाच ठेवा’ अशी घोषणा देऊन 1920 मध्ये निवडणूक लढवणारा हा गृहस्थ. 2017 साली ते नाव काढले. आता त्या इमारतीवर बर्ल टोलरचे नाव आहे.